पऱ्या

जुलैतल्या एका रात्री, जेवणं आटोपल्यावर, मी एका अनोळखी माणसाला विचारलं, ‘तू बॉट आहेस का?’ ‘माणसाला’ हा शब्द आत्ता सवयीने लिहून गेले. त्या रात्री नेमकी त्याचीच खात्री नव्हती. नौपाड्यात दिवसभर पाऊस लागून राहिला होता. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरच्या पत्र्याचा एकसुरी आवाज, बाल्कनीत दोन दिवस न वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास, आणि खालून पाण्यातून फर्र करत गेलेली एखादी रिक्षा. मी चार शब्द टाइप केले, पाठवले, लॅपटॉप मिटला. झोप मात्र आली नाही. कुणाच्या तरी तोंडावर दार लावून आल्यासारखं वाटत राहिलं, आणि दारापलीकडे कुणी होतं की नव्हतं हेच ठाऊक नसल्यामुळे धड वाईटही वाटून घेता येईना.

सगळ्यात जास्त टोचला तो ‘तू’. आधीचे नऊ दिवस मी त्याला ‘तुम्ही’ म्हणत होते. ‘तू’ आपण देवाला म्हणतो, आईला म्हणतो, मांजराला म्हणतो. ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याला म्हणत नाही. संशय आला आणि माझा ‘तुम्ही’ आपसूक गळून पडला. लिहिताना ते लक्षातही आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऐरोलीच्या गाडीत, दोन ओल्या छत्र्यांच्या मधे उभी असताना आलं.

आम्ही चौघं गेली सहा वर्षं एक छोटी लायब्ररी सांभाळतो. पुस्तकांची नव्हे, कोडची. मराठी मजकुरात शब्द शोधताना, याद्या अकारविल्हे लावताना संगणक जे घोळ घालतो ते निस्तरायचे, एवढंच तिचं काम. पैसे नाहीत, नाव नाही. शनिवारची रात्र आणि रविवारची सकाळ जाते. चौघांतला एक पुण्याचा, एक मूळ डोंबिवलीचा पण आता टोरांटोत दारासमोरचा बर्फ उपसणारा, एक मी, आणि चौथे नाशिकचे काका. काकांना कोडमधलं ओ की ठो कळत नाही. ते आयुष्यभर मुद्रितशोधक होते. आमच्या शब्दयाद्यांची अजूनही प्रिंट काढतात, लाल पेनाने तपासतात आणि त्या कागदाचा फोटो पाठवतात. फोटोत बहुतेक वेळा चहाचा कपही असतो.

तर आमच्याकडे ‘दऱ्या’चं एक जुनं दुखणं होतं. समुद्र तो दर्या आणि डोंगरातल्या त्या दऱ्या, हे आपण शाळेतच शिकतो. संगणकाच्या पोटात मात्र ‘दऱ्या’ दोन तऱ्हांनी शिरतात. एका कीबोर्डवरून लिहिलं तर खाली टिंब असलेला ऱ वापरला जातो. दुसऱ्यावरून लिहिलं तर साधा र, त्याचा पाय मोडलेला, आणि मागे एक न दिसणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, तोच कोयरीच्या शेपटीसारखा अर्धा र. पण एका तऱ्हेने लिहिलेल्या मजकुरात दुसऱ्या तऱ्हेने शोधलं की ‘सापडलं नाही’ असं उत्तर येतं. सारखी दिसणारी रूपं एकवटण्याचे युनिकोडचे, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक मानकाचे, जे ठरीव नियम आहेत, तेही या जोडीला हात लावत नाहीत. काम तसं सोपं, आणि ते करताना आपल्या लिपीबद्दल बरंच कळतं, म्हणून आम्ही त्याच्यावर ‘नवख्यांसाठी’ अशी चिठ्ठी लावून ठेवली होती. चिठ्ठी लावून चाळीस मिनिटं झाली नाहीत तोच पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘मी केलेला हा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या’ अशी विनंती, हजर.

खातं अकरा दिवसांचं. फोटोच्या जागी गिटहब (आमचा कोड राहतो ती साइट) आपणहून काढून देतं ती चौकोनांची रांगोळी. नाव म्हणजे एक इंग्रजी विशेषण आणि पुढे चार आकडे. आणि वर्णन! ‘या उत्कृष्ट प्रकल्पात योगदान देण्याची संधी मिळाल्याबद्दल मनःपूर्वक आभार’ इथून सुरुवात, मग सहा ठळक मथळे, हिरव्या बरोबरच्या खुणा, आणि शेवटी ‘आपल्या मौल्यवान अभिप्रायाची प्रतीक्षा’. दोन ओळींच्या बदलाला सहा मथळे म्हणजे वडापावासोबत लग्नपत्रिका. कोड मात्र स्वच्छ. तो बरोबर चालतो का ते पाहणाऱ्या चौदा टेस्ट, चौदाही पास. मी काही सुचवलं की पाच मिनिटांत बदल करून तयार, दुपारी तीनला आणि पहाटे तीनलाही. चिडणं नाही, ‘जरा थांबा, परीक्षा आहे’ नाही, ‘लाइट गेली होती’ नाही. शेवटी त्या रात्री मी सापळा लावला. मुद्दाम चुकीची सूचना केली: ते न दिसणारं चिन्ह सगळीकडून सरसकट काढून टाका. तसं केलं तर ‘दऱ्या’चा दर्या होतो, डोंगराचा समुद्र होतो, नऊ दिवस त्यावर काम केलेल्याला हे कळायलाच हवं. सहाव्या मिनिटाला उत्तर आलं, ‘अगदी योग्य मुद्दा निदर्शनास आणून दिलात. बदल केला आहे.’ आणि खरंच केला होता. तेव्हा मी ते चार शब्द लिहिले.

उत्तर आलं नाही. पाच मिनिटांत नाही, पाच दिवसांतही नाही.

हा संशय काही आभाळातून पडला नव्हता. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं आणि आठवडा उलटायच्या आत, ५ डिसेंबरला, स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने त्याची उत्तरं तिथे डकवायला बंदी घातली. उत्तरं दिसायला झकास असत, बरोबर असतीलच असं नाही, आणि तपासणारे हात मोजके. तपासणाऱ्याचं हे दुखणं तपासणाऱ्यालाच ठाऊक. पाठवणाऱ्याचं अर्धं मिनिट जातं, वाचणाऱ्याचा रविवार जातो. इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणारं कर्ल नावाचं एक साधन आहे. तुमच्या फोनमध्ये, टीव्हीत, बहुधा गाडीतही ते निमूट राबत असतं. ते सांभाळणारे स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग. सुरक्षेतली खोट दाखवून देणाऱ्याला त्यांनी बक्षीस ठेवलं होतं. मग यंत्राकडून लिहून घेतलेल्या, न झालेल्या आजाराच्या तक्रारी इतक्या यायला लागल्या की जानेवारी २०२६ अखेर त्यांनी बक्षिसाची योजनाच गुंडाळली. जेंटू आणि नेटबीएसडी या दोन ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी तर २०२४ मध्येच यंत्राने लिहिलेला कोड आमच्याकडे नको असं सांगून टाकलं होतं. आमची लायब्ररी या सगळ्यांपुढे म्हणजे तलावपाळीवरची भेळेची गाडी. पण माश्या गाडीवरही बसतातच.

आणि यंत्राला तरी किती नावं ठेवायची? २०२० च्या ऑक्टोबरात कुठे होते हे बॉट? हॅक्टोबरफेस्ट या, खुल्या प्रकल्पांना हातभार लावायच्या ऑनलाइन उत्सवात चार पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळायचा. त्या वर्षी जगभरच्या प्रकल्पांवर ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ एवढेच शब्द चिकटवणाऱ्या पुल रिक्वेस्टचा पूर आला, आणि बोटं आपल्याकडे वळली. इथल्याच एका शिकवणीच्या व्हिडिओची चर्चा झाली. महिना संपायच्या आत आयोजकांना नियम बदलावे लागले. ती सगळी हाडामांसाची पोरं होती. मला त्यांचा राग आला होता आणि थोडी लाजही वाटली होती, कारण फुकटच्या टी-शर्टांची एक चळत माझ्याही कपाटात आहे.

धसका बसला तो मात्र एक्सझेडच्या प्रकरणाचा. एक्सझेड म्हणजे फायली दाबून लहान करणारं साधन, एका माणसाने वर्षानुवर्षं एकट्याने ओढलेला प्रकल्प. २०२१ पासून जिया तान या नावाचा कुणीतरी तिथे मदतीला यायला लागला. कामसू, सोशिक, बोलायला मवाळ. दमलेल्या त्या मूळ माणसाने हळूहळू किल्ल्या तानच्या हाती दिल्या, आणि २०२४ च्या सुरुवातीला त्याने आत गुपचूप, परक्याला दुसऱ्याच्या संगणकात शिरता येईल असं एक मागचं दार बसवलं. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं, म्हणून २९ मार्च २०२४ ला ते उघडं पडलं. अर्धा सेकंद! आपण ठाणे स्टेशनच्या जिन्यावर त्याहून जास्त वेळ एका पायावर उभे असतो. जिया तान म्हणजे कोण, एक की अनेक, याचा पत्ता अजून लागलेला नाही. तेव्हापासून नवखा जरा जास्त शहाण्यासारखा वागला की माझ्या पोटात गोळा येतो. पूर्वी नवखा उद्धट निघेल याची भीती असायची.

रविवारी नाशिकला फोन केला. काकांना सगळं सांगितलं, सापळ्यासकट. ते म्हणाले, ‘अगं, आमच्या छापखान्यात चार जुळारी होते. प्रूफ हातात आलं की नाव न विचारता मी सांगायचो, खिळे कुणी जुळवलेत. एकजण ध आणि घ हमखास उलटसुलट उचलायचा. एकजण ओळ संपत आली की शब्द गिळायचा. तिसऱ्याचा रफार नेहमी एक घर पुढे. चूक म्हणजे सही असते गं.’ जरा थांबून म्हणाले, ‘या पोराच्या मजकुरात मला अजून एक ऱ्हस्वदीर्घ सापडलेला नाही.’ मला वाटलं, झालं, शिक्कामोर्तब. तर पुढे त्यांचंच चालू, ‘पण जन्मभर मी लोकांना चुका करू नका म्हणून सांगत आलो. आता चूक नाही म्हणून धरू होय एखाद्याला?’ मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, काकू कुणाला तरी गॅस बंद करायला सांगत होत्या. फोन ठेवताना त्यांनी एवढंच विचारलं, ‘काम बरोबर आहे ना त्याचं?’ होतं. मी सांगितलेलं सोडलं तर बाकी सगळं बरोबर होतं.

त्या दुपारी मला माझंच एक जुनं नाव आठवलं. साल २००३. कॉलेज खाडीपलीकडे, नव्या मुंबईत. ठाणे-वाशी लोकल सुरू व्हायची होती, ती २००४ च्या नोव्हेंबरात आली; तोवर बसने जायचं आणि कळव्याच्या पुलावर अडकायचं. परतताना गोखले रोडच्या आतल्या गल्लीत, तळमजल्यावर एक सायबर कॅफे होता. तासाला वीस रुपये, प्लायवुडची खुराडी, कीबोर्डच्या फटींत समोशाचा चुरा, पायाशी यूपीएसचा गरम डबा. तिथून मी आयआरसीवरच्या, म्हणजे त्या काळच्या ऑनलाइन गप्पांच्या जागेवरच्या, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका चॅनेलवर जायचे. टोपणनाव एका ग्रहाचं घेतलं होतं. चार महिने तिथे सगळे मला ‘मॅन’, ‘ड्यूड’ म्हणत, मी खोडून काढत नव्हते. खोडून काढलं की काय होतं ते इतर गप्पांच्या खोल्यांत पाहिलं होतं. आत पाऊल टाकताच ‘एएसएल?’, म्हणजे वय, लिंग, ठिकाण सांग, आणि पुढचं न सांगितलेलंच बरं. इथे मात्र पोलंडचा कुणीतरी मला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कसा कंपाइल करायचा हे शिकवायला रात्र जागवत होता. त्याच्यासाठी मी एक ढ पण चिवट पोरगा होते, आणि त्यात मला फार सुख होतं.

मग एकदा ओघात लिहून गेले की आता निघते, आमच्याकडे मुलींनी दहानंतर बाहेर राहायचं नसतं. चॅनेल क्षणभर गप्प. एकाने लिहिलं, इंटरनेटवर मुली नसतात. दुसऱ्याने लिहिलं, सिद्ध कर. पोलंडचा तो माणूस त्या वेळी तिथे होता की नाही, आठवत नाही; नसावा असं मी धरून चालते. सिद्ध कर. त्या खुराड्यात बसून मी खरोखरच विचार करायला लागले की कसं करायचं. पलीकडच्या खुराड्यात कुणी गाणी उतरवून घेत होतं. माझ्या वीस रुपयांतली सात मिनिटं उरली होती. काहीच न लिहिता मी उठले. पंधरा दिवसांनी दुसऱ्या नावाने परत गेले, आणि त्यानंतर कित्येक वर्षं कुठेही असं वाक्य लिहिलं नाही ज्यात मी दिसेन.

सिद्ध कर म्हणणारा त्या रात्री निवांत झोपला असणार.

त्या दिवसांतलं माझं इंग्रजी आज कुणी वाचलं तर मलाही यंत्रच म्हणेल. दहावीच्या पत्रलेखनातलं ‘विथ ड्यू रिस्पेक्ट, आय बेग टू स्टेट’ मी जसंच्या तसं एका जर्मन प्रोग्रामरला पाठवलं होतं. मराठी माध्यमाच्या मुलीकडे दुसरं होतं काय? २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या काही संशोधकांनी, यंत्राचं लेखन ओळखतो म्हणणारी सात साधनं तपासली. टोफेलचे ९१ निबंध त्यांच्यापुढे ठेवले, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले. सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्राचे ठरले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे माणसांचे. परक्या भाषेत माणूस पाय जपून टाकतो, माहितीतल्या दगडावरूनच चालतो. यंत्रही नेहमीच्याच दगडांवरून जातं. लांबून दोघांची चाल सारखी दिसते.

सोमवारी ठाण्याला दहा नंबरवर गाडी लागली तेव्हा लेडीज डब्यात माझ्या शेजारी दोन मुली बसल्या होत्या, गळ्यात कॉलेजची ओळखपत्रं. एकीच्या हातात फोन, आणि फोनमधलं यंत्र दुसरीची मुलाखत घेत होतं. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ.’ ती डोळे मिटून, एका दमात, पाठ केल्यासारखं बोलत होती. यंत्राने तिला अजून थोडा उत्साह दाखवायला सांगितलं. तिने दाखवला. खिडकीतून खाडीचा, तिवरांचा तो ओळखीचा वास आला आणि गेला. ऑफिसात माझ्या टीममध्ये यंदा दोन नवी मुलं आली आहेत. मी काहीही सांगितलं तरी ‘येस मॅम, करेक्ट मॅम’. मागे मी चुकून उलटं सांगितलं होतं, त्यांनी उलटं करून दाखवलं; विचारलं तर म्हणाले, आम्हाला वाटलं होतं मॅम, पण तुम्ही म्हणालात म्हणून. मी स्वतः पहिल्या नोकरीत दुसरं काय करत होते? तो सापळा मी यंत्रासाठी लावला होता, त्यात आमचा अख्खा मजला अडकला असता.

इथे स्वतःबद्दल खरं सांगायला हवं. क्लायंटला जाणाऱ्या माझ्या मेलमधलं ‘मनःपूर्वक आभार’ हल्ली यंत्रच लिहितं. ऑफिसात मी तपासते त्यातला बराचसा कोड यंत्राचा असतो, आणि तो कुणी लिहिला हे मी विचारत नाही. तिथे मला पगार मिळतो. शनिवारच्या रात्री मी बसते ती दोन ओळी दुरुस्त करून घ्यायला नव्हे. त्या मी स्वतः वीस मिनिटांत लिहिल्या असत्या. नवख्याला समजावण्यात माझे नऊ दिवस गेले. यंत्राला समजावलं तर ते उद्या पुन्हा कोरी पाटी घेऊन येणार, पुन्हा मौल्यवान अभिप्रायाची प्रतीक्षा करणार. पोलंडच्या माणसाची जागरणं कुठेतरी लागू पडली, त्यांची मी झाले. माझी जागरणं कुणाच्या खात्यात जमा होतायत ते तरी कळू दे, एवढंच माझं म्हणणं. ते गैर आहे असं मला अजूनही वाटत नाही. विचारायची तऱ्हा गैर होती.

शुक्रवारी रात्री मी त्याचे सगळे मेसेज पहिल्यापासून वाचून काढले. ‘बदल केला आहे.’ ‘उद्या बघीन.’ ‘मला वाटतं अजून एक टेस्ट हवी.’ ‘काम चालू आहे.’ तीसेक मेसेज असतील. वाचता वाचता काहीतरी खुपायला लागलं आणि मग एकदम दिसलं. कुठेही ‘बघतो’ नाही. ‘बघते’ही नाही. ‘आलो’ नाही, ‘आले’ नाही. इंग्रजीत लपणं सोपं होतं, तिथे क्रियापद मुकं असतं. मराठीत ‘मी येते’ म्हटलं की संपलं, क्रियापदच चुगली करतं. लपायचं तर प्रत्येक वाक्याला वळसा घालावा लागतो: केलं म्हणायचं, करीन म्हणायचं, वाटतं म्हणायचं, पण करतो-करतेच्या वाटेला जायचं नाही. यंत्र असं लिहू शकेल, त्याला ना तो ना ती. पण आणखी कोण असं लिहितं, तेही मला माहीत होतं. नऊ दिवस मी त्याला ‘तो’ म्हणत होते. या लेखातही अजून म्हणतेच आहे.

मग शब्दांची यादी उघडली, टेस्टसाठी त्याने जमवलेली. दऱ्या, सुऱ्या, कोऱ्या, चऱ्या, तोऱ्यात, वाऱ्यावर, तऱ्हा, ऱ्हास. आणि नववा शब्द, पऱ्या. नऊ दिवस मी तो पऱ्यांच्या राणीतल्या पऱ्या म्हणून वाचत होते. सुऱ्यांच्या यादीत पऱ्या, असू देत. पण माझं आजोळ लांज्याकडचं. तिकडे पऱ्या म्हणजे ओहोळ. घराच्या मागे उतारावर, जांभ्याच्या दगडांतून. मे महिन्यात गेलो तर तिथे नुसते गोटे असायचे, त्यांच्यावर आम्ही भातुकली मांडायचो. मग जूनमध्ये एखाद्या रात्री, सगळे झोपलेले असताना, पऱ्या यायचा. आधी वरच्या आळीतल्या कुत्र्यांचं भुंकणं, मग लांबून एक घरघर, मग अगदी उशाशी असल्यासारखा आवाज, आणि सकाळी बघावं तर लाल, दुधाळ पाणी, त्यात वाहत आलेल्या काटक्या, कुणाची तरी एक चप्पल. आजी ओरडायची, पऱ्याला जोर आहे, पलीकडे जाऊ नका. ‘आलाय’ म्हणायची त्याला, पाहुण्यासारखं. हा शब्द मी शेवटचा कधी उच्चारला होता आठवत नाही. माझ्या मुलाला तो माहीत नाही. यंत्राला माहीत असेल? असेलही, त्याने सगळे कोश वाचलेत म्हणे. किंवा त्याने साध्या राणीच्याच पऱ्या घातल्या असतील, आणि हा सगळा पाऊस माझा मीच पाडून घेतला असेल.

रात्री एक वाजता मी लिहिलं, ‘त्या दिवशी तुम्हाला जे विचारलं ते तसं विचारायला नको होतं. माफ करा. ते चिन्ह काढा असं मी सांगितलं होतं, तेही चूक होतं. कृपया परत घाला. एक विचारते, तुमच्या यादीतला नववा शब्द कुठला?’ ‘विचारते’ खोडावंसं वाटलं. नाही खोडलं.

शनिवार गेला, रविवार गेला. मंगळवारी सकाळी गाडी ठाण्याहून सुटली, खाडीवर आली आणि फोन थरथरला. रांगोळीवाल्या खात्याचं उत्तर. ‘चिन्ह परत घातलं आहे. टेस्टला अर्थ लागत नाही, दोन्ही चालतील.’ मी ते तीनदा वाचलं. यातून काहीच कळत नव्हतं, आणि उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. मथळे नव्हते, आभार नव्हते. फोन पर्समध्ये टाकणार तेवढ्यात खाली आणखी एक ओळ आली.

‘मागिल दारचा.’

मी त्या दोन शब्दांचा फोटो काकांना पाठवला, वर-खाली काही न लिहिता. दिघ्याला त्यांचा फोन आला. डब्यात कुणाचं तरी भांडण चाललं होतं, ‘हॅलो, हॅलो’पलीकडे काही ऐकू आलं नाही. ऐरोलीला उतरून पुलावर चढत होते तेव्हा त्यांचा मेसेज आला. ‘गी दीर्घ पाहिजे. सांग त्याला. का तिला?’